सुई, दोरा आणि सुखमनी

काकड आरतीचा महिना सरत आला की आमच्या रामबागेतल्या भजनी मंडळाला ओंकारेश्वराचे वेध लागतात. कार्तिकी एकादशी इंदूरच्या पंढरीनाथाच्या देवळात करायची, मग खंडवा रोड धरायचा आणि पौर्णिमेला नर्मदेवर पोचायचं. रथ नाही, रिंगण नाही. वीणा, टाळ, पखवाज, सामानाला एक छोटा हत्ती टेम्पो, आणि बुवा. बुवांविषयी जास्त लिहीत नाही, पुढच्या वर्षीही त्यांच्याच मागे चालायचंय.

भंवरकुआँ, तेजाजी नगर, सिमरोल कधी मागे पडलं कळलंही नाही. तिथपर्यंत सगळेच पट्टीचे वारकरी. भेरू घाटात मात्र ट्रकवाल्यांचे हॉर्न, बुवांचा चढा सूर, आणि उतारावर चपलेत पुढे पुढे रेटली जाणारी बोटं. चोरलच्या पुढे डाव्या तळव्याला फोड आलाय हे पक्कं झालं. डांबर तापलेलं. तोंडाने विठ्ठल विठ्ठल चाललं होतं, पण जीव सगळा त्या फोडात. बुवा मागे वळून म्हणाले, "या हळूहळू, नामात दुखणं विसरतं माणूस." दिंडी गेली. त्या क्षणी मला नामही नको होतं आणि बुवा तर नकोच होते.

पंक्चरच्या दुकानासमोर बाज टाकलेली होती, न विचारताच टेकलो. बाजेच्या दुसऱ्या टोकाला एक म्हाताऱ्या सरदारीणबाई मटार सोलत होत्या आणि पुटपुटत होत्या. 'सिमरउ सिमरि सिमरि सुखु पावउ' एवढं कानावर आलं तेव्हा ओळखलं, सुखमनी. शिखांच्या पाठातली वाणी, गुरू अर्जनदेवांची, चोवीस अष्टपदींची. मध्येच त्या कडाडल्या, "ओए, जॅक सीधा लगा! गाडी गिराएगा क्या?" आणि पुढची ओळ सोडली होती तिथूनच उचलली. मग ट्रकवाल्याशी पैशावरून वाद. मग पुन्हा पाठ. एकही अष्टपदी चुकली नसावी असं वाटलं.

माझ्याकडे लक्ष गेल्यावर त्यांनी पाय पुढे करायला सांगितलं. मी संकोचलो, आईच्या वयाच्या बाई. "बेटा जी, पैर दिखा, नखरे मत कर." सुई काडीच्या ज्योतीवर धरली, दोरा ओवला, फोडातून आरपार नेला, दोन्हीकडे शेपटं ठेवून कापला. वारीत आपले लोक करतात अगदी तसंच. पाणी निथळलं. मी हायहुय केलं तर म्हणाल्या, "इतना तो बच्चे भी नहीं रोते." पैसे विचारले, त्यांनी ऐकलंच नाही. मटारची टोपली माझ्या मांडीवर सरकवली. "पाँव दुखता है ना? हाथ तो ठीक हैं."

मी मटार सोलायला लागलो. आणि तो सलोक, म्हणजे दोहा, आठवला.

मी तुकोजीराव क्लॉथ मार्केटात हिशेब लिहितो. आम्ही नामदेव शिंपी, घरात नामदेवांचे अभंग पिढ्यान्‌पिढ्या. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची एकसष्ट पदं आहेत हे लहानपणापासून अभिमानाने सांगायचो, वाचलं एकही नव्हतं. शेजारच्या दुकानातल्या सरदारजींनी देवनागरीतली पोथी दिली तेव्हा कुठे उघडली. त्यात कबीरांच्या सलोकांत संत त्रिलोचन नामदेवांना टोचतो, अरे, कापड छापत काय बसलास, रामात चित्त लाव की. नामदेवांचं उत्तर: 'हाथ पाउ करि कामु सभु चीतु निरंजन नालि', हातापायांनी सगळं काम कर, चित्त निरंजनापाशी ठेव. पाठ झालं होतं, वर्षभर लोकांना ऐकवलंही होतं. पण माझ्या हरिपाठाच्या वेळी घरात टीव्ही बंद, फोन बंद, बायकोने भांडंसुद्धा आपटायचं नाही. इथे ट्रकखाली हातोडा वाजत होता आणि सुखमनी चालू होती.

टोपली संपली तेव्हा ऊन कलंडलं होतं. चहा दिला त्यांनी, फार गोड. "जा, तेरे लोग आगे निकल गए."

बलवाडा, बडवाह, मोरटक्क्याचा पूल. ओंकार-ममलेश्वराचं दर्शन ढकलाढकलीत झालं.

पौर्णिमा म्हणजे गुरू नानकांचाही प्रकाशपर्व, म्हणून तिथल्या गुरुद्वाऱ्यात गेलो. परंपरा सांगते की गुरू नानकांनी 'दखणी ओअंकार' ही वाणी इथे ओंकारेश्वरी सांगितली. राग रामकली, चोपन्न पौड्या, म्हणजे कडवी. बुवांना तिथे 'रूप पाहता लोचनी' म्हणायचं होतं. दरबारात फक्त गुरबाणीच गातात, असं एकाने हात जोडून सांगितलं. बुवांचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तो माणूस पुढे म्हणाला, "नामदेवजी तो बाणी में ही हैं, बैठिए." थोड्या वेळाने रागींनी, म्हणजे तिथल्या कीर्तनकारांनी, नामदेवांचं 'आनीले कागदु काटीले गूडी' धरलं. पोरगा पतंग उडवतो, पाचजणांशी गप्पा मारतो, चित्त दोरीवर. बुवा ठेका मांडीवर धरून बसले होते आणि समेला मान देत होते. समेवर ते कधी चुकत नाहीत, हे कबूल करायला हवं. लंगरमध्ये मला म्हणाले, "हे पद आपल्याकडे का म्हणत नाहीत रे?" वाढपी येऊन उभा राहिला म्हणून उत्तर टळलं.

आता मार्केटात जीएसटीची वीस तारीख डोक्यावर आहे. 'सुणि पाडे किआ लिखहु जंजाला', ऐक पंडिता, हे काय जंजाळ लिहितोस, दखणी ओअंकारातला हा प्रश्न गुरू नानकांनी पंडिताला विचारला, पण खातेवही उघडली की तो मलाच लागू पडतो. तरी बिलं टाकत राहतो, ओठ हलवत राहतो, मध्येच हमालावर ओरडतो, पुन्हा ओळ उचलतो. निम्म्या वेळा ओळ सापडत नाही. परवा शेठ गल्ल्यावरून म्हणाले, "मुनीमजी, सुबह से किसको गालियाँ दे रहे हो?"

"हमालाला," मी म्हटलं, "पण मध्ये मध्येच."