तांबडीचा सिंच बदलला: निओप्रीन ते मोहेअर, आत्तापर्यंतचं अपडेट

मंडळी, मागे लिहिलं होतं ना की माझी घोडी तांबडी खोगीर चढवताना कान मागे टाकते आणि तंग (खोगीर धरून ठेवणारा, पोटाखालून जाणारा पट्टा, यालाच वेस्टर्न खोगिरावर सिंच म्हणतात) हातात घेतला की मान वळवून हवेत दात मारते, तर त्याचं पुढचं. पहिलं काम म्हणजे व्हेटला दाखवलं, कारण पोटात अल्सर असला तरी घोडं नेमकं असंच वागतं आणि मग कितीही भारी सिंच आणा, काही उपयोग नाही. पोट ठीक निघालं. पाठ दाबून बघितली, ती पण ठीक. खोगीर तिला बसतंय हे आधीच तपासून झालंय. म्हणजे उरला सिंच.

जुना सिंच घोडीबरोबरच आलेला, निओप्रीनचा (रबरासारखं सिंथेटिक) सरळ पट्टा, 34 इंची. सगळे विचारतात मटेरियल कुठलं, पण माझं मत आता पक्कं झालंय की आधी लांबी बघा. याच्या रिंगा दोन्हीकडे वर, खोगिराच्या डी-रिंगच्या (D आकाराची कडी) फार जवळ, मग लॅटिगो (सिंचची रिंग डी-रिंगला बांधणारा चामडी पट्टा) ओढायला पुरेशी जागाच उरत नाही आणि तंग जेमतेम आवळला जातो. उलट फार आखूड घेतला तर रिंगा आणि बकल पुढच्या पायाच्या कोपराच्या मागे येतात, जिथे कातडी पातळ आणि हालचाल सगळ्यात जास्त, तिथे घासलं की जखम ठरलेली. रिंग कोपरापासून निदान वीतभर वर हवी.

माप घ्यायची माझी पद्धत सांगतो. पॅड आणि खोगीर चढवायचं, डावीकडच्या डी-रिंगपासून पोटाखालून उजवीकडच्या डी-रिंगपर्यंत टेप न्यायची आणि लॅटिगोसाठी दोन्ही बाजूंना साधारण आठ-आठ इंच सोडायचे. तांबडीचं 46 आलं, वजा 16, म्हणजे 30. सिंच दोन-दोन इंचांच्या फरकाने मिळतात, त्यामुळे मधलं माप आलं तर कुठल्या बाजूला जायचं हे तुमच्या घोड्याच्या कोपराकडे बघून ठरवा. आणि हे गणित खोगिरागणिक बदलतं हं, रिगिंग (डी-रिंग बसवायची जोडणी) स्कर्टमध्येच, म्हणजे खोगिराच्या खालच्या चामड्यातच बसवलेलं असेल तर डी आधीच खाली असते, त्याला सिंच अजून आखूड लागतो. दुसऱ्याच्या घोड्याचा आकडा ऐकून ऑर्डर टाकू नका.

आता आकार. रोपर सिंच, म्हणजे छातीच्या हाडाखाली रुंद होत जाणारा 27 किंवा 31 दोऱ्यांचा, तो सगळ्यांना आवडतो कारण दाब जास्त जागेत पसरतो, आणि ते बरोबरच आहे. मी मित्राकडून आणून लावून बघितला (आधी धुऊन, दुसऱ्या घोड्याचा सिंच तसाच लावला तर बुरशी सोबत येते). पण तांबडीची तंग बसायची खाच अगदी पुढे, कोपराला लागून, खोगीर मागे बसवलं तरी चालता चालता सिंच पुढे सरकून त्या खाचेतच जातो, आणि रोपरची रुंद पुढची कड ट्रॉटमध्ये (दुडकी चालीत) कोपराच्या मागे लागायला लागली, केस मोडलेले दिसले लगेच. म्हणून शेवटी साधा सरळ 17 दोऱ्यांचा मोहेअरचा घेतला, 30 इंची. खाच मागे असलेल्या रुंद छातीच्या घोड्याला मी रोपरच लावेन.

मोहेअर का, तर अंगोरा बकरीचा केस गुळगुळीत असतो, कातडीला कमी घासतो, घाम शोषतो आणि दोऱ्यांमधून हवा खेळते. निओप्रीन पुसायला सोपं, पण घाम आतच राहतो, गरम होतं, आणि ते केसांना चिकटून कातडी सोबत ओढतं. नुसतं मोहेअर लिहिलंय म्हणून भुलू नका, बऱ्याचदा त्यात रेयॉन मिसळलेला असतो, तेव्हा किती टक्के ते वाचा. मधल्या आडव्या विणी घट्ट आहेत का बघा, सैल असल्या की दोऱ्या फाकतात आणि मध्ये कातडी चिमटते. रिंगा स्टेनलेसच्याच घ्या, गंजल्या की तिथलेच दोरे आधी झिजतात.

रिझल्ट? कान अजून मागे जातात, इतक्या दिवसांची सवय आहे ती. पण चावणं बंद. घामाचा डाग आता पट्टाभर एकसारखा येतो आणि कोपरामागचे केस परत भरतायत. दोन्ही बाजूंच्या रिंगा एका उंचीवर आणल्या, उजवीकडचा बिलेट (त्या बाजूचा भोकांचा पट्टा) एक भोक वर घेतल्यावर जमलं. आवळताना एका दमात नाही, थोडं ओढायचं, चालवायचं, परत थोडं, मग पुढचे पाय एकेक करून पुढे ताणायचे म्हणजे सिंचखाली अडकलेली कातडी मोकळी होते. बोटं घालून तपासायचं ते छातीच्या हाडाजवळ, बाजूला बरगड्यांच्या गोलाईमुळे उगाच घट्ट लागतं. मोहेअर थोडा ताणतो, त्यामुळे वॉर्मअप झाला की चढण्याआधी एकदा बघाच.

धुणं सोपं आहे, गार पाण्यात भिजवा, सौम्य साबण, अडकलेले केस बोटांनी काढा आणि सावलीत टांगा. सॉफ्टनर नको.

पुढचं काम मागच्या तंगाचं, म्हणजे खोगिराच्या मागच्या बाजूच्या दुसऱ्या पट्ट्याचं. तो पोटाला हलका टेकलेला हवा, लोंबता ठेवला तर मागचा पाय अडकू शकतो, आणि पुढच्या सिंचला जोडणारी पट्टी लावल्याशिवाय मी तो वापरणारच नाही, नाहीतर मागे सरकून जांघेत जातो. बांधताना पुढचा आधी, सोडताना पुढचा शेवटी. जोडपट्टी किती लांब ठेवता तुम्ही लोक? माझी जरा आखूड वाटतेय, मागचा तंग पुढे ओढला जातोय असं दिसतंय.