डायलिसिसनंतर बोलणं अडखळतंय? अ‍ॅल्युमिनियमची तपासणी करून घेताना : माझा अनुभव

मी पुण्यात डायलिसिस टेक्निशियन आहे. डायलिसिस संपता संपता पेशंटची जीभ अडखळायला लागली, शब्द आठवेनासे झाले, हातापायांना झटके येऊ लागले, की आधी साखर, सीटी स्कॅन आणि चालू औषधं बघतात. सेफेपाइमसारख्या अँटिबायोटिकनेही असंच होतं. ते बघायलाच हवं. पण त्यात काही सापडलं नाही, तर अ‍ॅल्युमिनियमचं नाव घ्या. लोह आणि इंजेक्शनं देऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल, हाडं दुखत असतील, तर नक्कीच.

आपण पितो त्या पाण्यातलं अ‍ॅल्युमिनियम आतड्यातून जेमतेम शोषलं जातं आणि किडनी ते बाहेर टाकते. डायलिसिसमध्ये मात्र मिनिटाला 500 मिली, म्हणजे चार तासांत 120 लिटर पाणी रक्ताला लागून जातं. त्यातलं अ‍ॅल्युमिनियम रक्तातल्या ट्रान्सफेरिन या प्रथिनाला चिकटतं, मग मशीनला ते सहजासहजी काढता येत नाही आणि त्याच प्रथिनावरून ते मेंदूत शिरतं. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ झालं की शुद्धीकरणात तुरटीसारखी द्रव्यं वाढवावी लागतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 0.03 मिलिग्रॅम अ‍ॅल्युमिनियम मान्य आहे, दुसरी सोय नसेल तर 0.2 पर्यंत. डायलिसिसच्या पाण्यासाठी मर्यादा 0.01. म्हणजे नळाचं पाणी प्यायला उत्तम असूनही आमच्या कामाला चालत नाही, सगळी भिस्त आरओवर.

आरओच्या मीटरवरचा टीडीएस चांगला दिसला म्हणून निश्चिंत राहू नका. तो आकडा सगळ्या क्षारांचा असतो, अ‍ॅल्युमिनियमचा वेगळा कळत नाही. आरओच्या पुढेही भानगड होऊ शकते. 1996 मध्ये कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटावर नव्या पाइपच्या आतल्या सिमेंटच्या थरातून अ‍ॅल्युमिनियम पाण्यात उतरलं आणि एकाच केंद्रातले पेशंट दगावले. म्हणून सॅम्पल दोन ठिकाणचं घ्यायचं : आरओनंतरच्या नळाचं आणि लूपच्या, म्हणजे शुद्ध पाणी मशीनपर्यंत नेणाऱ्या पाइपलाइनच्या, शेवटच्या टोकाचं. नळ काही मिनिटं वाहू द्यायचा. बाटली लॅबने दिलेली, आम्लाने धुतलेली प्लॅस्टिकचीच, काच नको. लॅबला आधीच विचारा, तुमचं यंत्र 0.01 च्या खालचं मोजतं का? नाहीतर ‘आढळले नाही’ असा रिपोर्ट येतो आणि त्याला काहीच अर्थ नसतो.

रक्ताच्या सॅम्पलमध्ये सगळ्यात जास्त घोळ होतो. साध्या ट्यूबच्या काचेतून आणि रबरी बुचातूनच अ‍ॅल्युमिनियम उतरतं, आकडा खोटा वाढतो आणि घरचे उगाच घाबरतात. गडद निळ्या टोपणाची ट्रेस एलिमेंट ट्यूब आधी मागवून ठेवा आणि रक्त डायलिसिस सुरू करण्यापूर्वी घ्या. लिटरमागे 20 मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर ठीक.

रिपोर्ट येईपर्यंत घरातली औषधांची पिशवी रिकामी करून बघा. अ‍ॅसिडिटीच्या बऱ्याच पातळ औषधांत अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड असतं, सुक्राल्फेटमध्येही असतं. ती घेतच असतील आणि वर फसफसणारं इनो किंवा लघवीच्या जळजळीचं सायट्रेटचं औषध चालू असेल, तर फार वाईट. सायट्रेटमुळे अ‍ॅल्युमिनियम कितीतरी जास्त शोषलं जातं. चिंच-टोमॅटोचं आंबट अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात शिजवू नका, तुरटी फिरवलेलं पाणी प्यायला देऊ नका. त्यामानाने हा वाटा लहान आहे.

रक्तातला आकडा 60 ते 200 च्या दरम्यान असेल तर डॉक्टर डीएफओची (डेफेरोक्सामाइन, साठलेलं अ‍ॅल्युमिनियम सोडवणारं औषध) चाचणी करतात : डायलिसिसच्या शेवटच्या तासात किलोमागे 5 मिलिग्रॅम, आणि दोन दिवसांनी पुन्हा रक्त. वाढ 50 किंवा जास्त असेल तर शरीरात साठा आहे. 200 च्या वर असेल तर डीएफओची घाई नको, सुटलेलं अ‍ॅल्युमिनियम मेंदूतच जाऊन त्रास वाढतो. आधी शुद्ध पाण्यावर, हाय-फ्लक्स (मोठ्या छिद्रांचा) डायलायझर लावून आठवड्यात सहा दिवस डायलिसिस करून आकडा खाली आणतात. डीएफओ चालू असताना नजर आणि ऐकू येणं तपासत राहावं लागतं. म्युकर या बुरशीचा धोकाही असतो : नाक एका बाजूने बंद, गालावर सूज किंवा काळपट स्राव दिसला तर पुढच्या डायलिसिसची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.