पुलाआधीचा शेवटचा एक्झिट

आय-७८ हायवेवरून पूर्वेकडे निघालं की पेनसिल्व्हेनियातला शेवटचा एक्झिट ७५ नंबरचा, मॉर्गन हिल रोडचा. तो सोडला की थेट डेलावेअर नदीवरचा पूल आणि पलीकडे न्यू जर्सी. आम्ही बेथलेहेमजवळ राहतो. पोहे, गोडा मसाला, गणपतीचं सामान, सगळं न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवरून येतं. जाताना पुलावर टोल नाही, येताना भरायचा. हा रस्ता मला झोपेतही सापडेल.

मागच्या श्रावणात एडिसनला मित्राकडे सत्यनारायण होता. सकाळी मी नेमबाजीच्या रेंजवर जाऊन आलो, घाईघाईत अंघोळ केली आणि निघालो. बायको शेजारी, तिच्या मांडीवर फुलांची पिशवी. पूल दोन-तीन मैलांवर आला आणि मला एकदम आठवलं, पिस्तूल डिकीतच राहिलंय.

एक्झिट ७५ घेतला, रस्त्याच्या कडेला जागा बघून गाडी थांबवली. पाय थरथरत होते. बायको म्हणाली, "अरे, काय झालं?" सांगितलं. ती म्हणाली, "पण पेटीला कुलूप आहे, पिस्तूल रिकामं आहे. आणि परवाना आहे ना तुझ्याकडे?"

आम्ही घरी परत गेलो, पिस्तूल सेफमध्ये ठेवलं आणि पुन्हा निघालो. पोचलो तेव्हा आरती चालू होती. दोन आठवड्यांनी भाचा आला, तोही तेच म्हणाला: "मामा, परवाना आहे ना तुझ्याकडे?" तेव्हा ठरवलं की तो परवाना पुलापलीकडे का चालत नाही, हे एकदा नीट लिहून काढायचं. इथे बंदूक घेणारी मराठी माणसं आता माझ्या ओळखीतच चार-पाच आहेत, आणि त्यांतल्या दोघांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

माझ्या आजोबांकडे बाराबोअर होती. शिराळा तालुक्यात उसात रानडुकरं घुसायची, त्यासाठी. त्यांचा परवाना म्हणजे एक कळकट पुस्तिका, आणि तीत हद्द लिहिलेली असायची, कुठवर बंदूक नेता येईल ती. एक जिल्हा, किंवा राज्य, किंवा फार झालं तर सगळा भारत. आजोबांची हद्द जिल्ह्यापुरती. निवडणूक आली की बंदूक चौकीत जमा करायची आणि पावती पुस्तिकेत जपून ठेवायची. बंदुकीला हद्द असते हे मी लहानपणीच शिकलो, कारण ती हद्द शाईने लिहिलेली होती.

माझं पेनसिल्व्हेनियाच्या परवान्याचं कार्ड काउंटीच्या शेरीफ कार्यालयातून मिळालं. वीस डॉलर फी, पाच वर्षांची मुदत. त्या कार्डावर मात्र कुठली राज्यं चालतील आणि कुठली नाहीत, याचं एक अक्षरही नाही. ती हद्द आपण पाठ करायची. ड्रायव्हिंग लायसन्स एका राज्यात काढलं की पन्नास राज्यांत चालतं, म्हणून आपण हेही तसंच धरतो, आणि चूक तिथेच होते. बंदूक बाळगायच्या परवान्याला सगळ्या राज्यांनी मान द्यावा असं विधेयक २०१७ च्या डिसेंबरात प्रतिनिधीगृहात मंजूर झालं होतं, पण सिनेटमध्ये मंजूर झालं नाही. आमच्याच शेजाऱ्यांचं बघा. पश्चिमेला ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनियात २१ वर्षांवरच्या माणसाला कायद्याने बंदी नसेल तर परवान्याशिवायही बंदूक जवळ ठेवता येते. न्यू यॉर्क, न्यू जर्सी आणि मेरीलँड आमचं कार्ड मानतच नाहीत. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात परवान्यासाठी खास कारण दाखवायची न्यू यॉर्कची जुनी अट रद्द केली, तेव्हा पुष्कळांना वाटलं की आता सगळीकडे मोकळीक. तसं झालं नाही. परवाना मिळणं सोपं झालं, पण तो त्या त्या राज्याचाच काढावा लागतो, आणि न्यू यॉर्क-न्यू जर्सीने त्याच वर्षी कुठे कुठे बंदूक नेता येणार नाही याच्या लांबलचक याद्या केल्या.

न्यू जर्सीत परवान्याविना पिस्तूल जवळ असणं हा दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा आहे. पाच ते दहा वर्षं. वर ग्रेव्हज अॅक्ट, म्हणजे बंदुकीच्या गुन्ह्यांत किमान शिक्षा सक्तीची करणारा कायदा आहे, त्यामुळे साधारणपणे ४२ महिने तरी पॅरोलशिवाय आत काढावे लागतात. सवलती आहेत: रिकामं पिस्तूल बंद पेटीत किंवा डिकीत ठेवून रेंजवर नेता येतं, शिकारीला नेता येतं, दुरुस्तीला नेता येतं. सत्यनारायणाला जाणं त्यात बसत नाही.

शनीन अॅलन हे नाव इथल्या प्रत्येक बंदूकधारकाला माहीत असायला हवं. फिलाडेल्फियाची, एकटीने मुलं वाढवणारी बाई. पेनसिल्व्हेनियाचा परवाना रीतसर काढलेला. २०१३ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या अटलांटिक काउंटीत पोलिसाने तिची गाडी थांबवली. तिने प्रामाणिकपणे आपणहून सांगितलं की माझ्याजवळ पिस्तूल आहे आणि हा परवाना. तिला अटक झाली. काही वर्षांच्या सक्तीच्या तुरुंगवासाची टांगती तलवार डोक्यावर. पुढे खूप ओरड झाली, तेव्हा सरकारी वकिलांनी तिला खटल्याऐवजी देखरेखीच्या योजनेत घेतलं, आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. मी त्या बाईचा विचार करतो तेव्हा मला राग येतो. तिने खोटं सांगितलं नाही, कुणाला धमकावलं नाही. ती फक्त नदी ओलांडून आली होती.

आता कुणीतरी म्हणेल, पण प्रवासासाठी केंद्राचा कायदा आहे की. माझ्या ओळखीच्या एका दुकानदारानेही काउंटरवर मला हेच सांगितलं होतं: "डिकीत कुलूप लावून ठेव, मग कुठेही जा." हे अर्धंच खरं आहे. १९८६ चा तो कायदा, लोक त्याला फोपा म्हणतात, वाटेतल्या राज्यापुरता आहे. जिथून निघालात तिथे बंदूक बाळगणं कायदेशीर हवं आणि जिथे पोचायचंय तिथेही. पिस्तूल रिकामं, पिस्तूल आणि गोळ्या दोन्ही हाताला लागणार नाहीत अशा जागी. गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत. समोरचा ग्लोव्ह बॉक्स आणि दोन सीटमधला कप्पा चालत नाही, त्याला कुलूप असलं तरी. म्हणजे मी इथून व्हरमाँटला निघालो, जिथे परवाना लागतच नाही, तर वाटेतल्या न्यू यॉर्कपुरतं हे कवच मला आहे. पण एडिसन हाच माझा मुक्काम असेल तर या कायद्याचा मला काडीचा उपयोग नाही.

आणि वाटेत थांबलात तर? युटाचे ग्रेग रेव्हेल २००५ मध्ये विमानाने ॲलनटाऊनला, म्हणजे आमच्याच गावाशेजारी, येत होते. पिस्तूल नियमाप्रमाणे सामानात, आधी सांगून दिलेलं. न्यू जर्सीतल्या नेवार्कला पुढचं विमान चुकलं, सामान हातात आलं आणि रात्र हॉटेलात काढावी लागली. सकाळी विमानतळावर त्यांनी पुन्हा नियमाप्रमाणे सांगितलं की सामानात पिस्तूल आहे, तर तिथेच अटक. काही दिवस कोठडीत. आरोप नंतर मागे घेतले, पण त्यांनी लावलेल्या दाव्यात २०१० साली अपील न्यायालयाने स्पष्ट केलं की हॉटेलच्या खोलीत रात्रभर बॅग त्यांच्या हाताशी होती, त्यामुळे केंद्राच्या कायद्याचं संरक्षण त्यांना नाही. विमान चुकणं त्यांच्या हातात नव्हतं. तरीही.

हे सगळं कुणाही अमेरिकनाला लागू आहे. आपल्यासाठी याच्या पुढे आणखी एक दार आहे, आणि माझे पाय त्या दिवशी थरथरले ते त्या दाराच्या भीतीने.

ग्रीन कार्डासाठी मी तेरा वर्षं रांगेत काढली. ग्रीन कार्डवाल्याला बंदूक घेता येते, कायद्याने पूर्ण मोकळीक आहे. पण बंदूक बाळगण्याबद्दलच्या कुठल्याही गुन्ह्यात दोषी ठरला तर त्याला देशाबाहेर काढता येतं. दरोडा घालावा लागत नाही, गोळी झाडावी लागत नाही. वकील म्हणेल, गुन्हा कबूल कर, जज प्रकरण मिटवतील, तुरुंग टळेल. जन्माने अमेरिकन असलेल्या माणसाला तो सल्ला योग्य असेल. पण इमिग्रेशनच्या कायद्यात कबुली आणि त्यावर काही बंधन घातलं गेलं की ते दोषी ठरणंच, मग राज्याचं कोर्ट पुढे काहीही म्हणो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पॅडिला खटल्यात सांगितलं की देशाबाहेर काढलं जायचा धोका अशिलाला समजावणं हे वकिलाचं कामच आहे. म्हणून अशी वेळ आलीच तर सही करायच्या आधी इमिग्रेशनचा वकील गाठा. तेरा वर्षं, घर, मुलीची शाळा, हे सगळं त्या पुलाच्या एका टोकाला होतं आणि मी दुसऱ्या टोकाकडे निघालो होतो.

भाचा एफ-वनवर शिकायला आलाय. त्या रविवारी त्याला माझ्याबरोबर रेंजवर यायचं होतं. मी त्याच्या वयाचा असताना सांगलीत एनसीसीत पॉइंट टू टूच्या रायफलीवर जीव टाकायचो, त्यामुळे त्याला नाही म्हणताना वाईट वाटलं. पण नाहीच म्हटलं. एफ-वन, एच-वन, एच-फोर, बी-टू, अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, कुठल्याही राज्यात. इथल्या एखाद्या राज्याचा शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट मिळते, एरवी सहसा नाही. त्याला वाटलं, रेंजवर पाच मिनिटं भाड्याची बंदूक हातात घेतली तर ते "बाळगणं" कसं?

त्याला मी हमीद रेहाइफची गोष्ट सांगितली. फ्लोरिडात शिकायला आलेला, विद्यार्थी व्हिसा. नापास झाला, कॉलेजातून काढला गेला, व्हिसाचा दर्जा संपला आणि तो इथेच राहिला. रेंजवर जाऊन त्याने नेम मारायचा सराव केला. त्यावरून केंद्रीय खटला चालला आणि शिक्षा झाली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१९ मध्ये न्यायालयाने म्हटलं की आपला दर्जा संपलाय हे त्याला ठाऊक होतं, हेही सरकारने सिद्ध करायला हवं. भाच्याला तर स्वतःचा व्हिसा चांगलाच ठाऊक आहे. तो गप्प बसला. आम्ही त्याऐवजी डेलावेअर वॉटर गॅपला चढायला गेलो.

ती जागाही सांगण्यासारखी आहे. राष्ट्रीय उद्यान खात्याचं एकच क्षेत्र, मधून नदी वाहते. २०१० पासून त्या खात्याच्या अशा जागांत ज्या राज्याची जमीन त्या राज्याचा बंदुकीचा कायदा लागू होतो. पेनसिल्व्हेनियाच्या काठावर माझं कार्ड चालतं, समोरच्या काठावर त्याची किंमत शून्य. अॅपलेशियन ट्रेल ही लांबलचक पायवाट पुलावरूनच पलीकडे जाते. पाठीवर सॅक घेऊन गप्पा मारत निघालेल्या माणसाला कळणारही नाही की कायदा कुठे बदलला. मी तिकडे पिस्तूल नेतच नाही.

आई-बाबा बी-टू, म्हणजे पाहुण्यांच्या व्हिसावर सहा महिने राहायला येतात तेव्हाही मला जपावं लागतं. कायद्यात ताबा म्हणजे नुसतं हातात धरणं नव्हे; ती वस्तू हवी तेव्हा हाताशी घेता येणं यावरूनही ताबा ठरू शकतो. म्हणून सेफचा आकडा बायकोला आणि मला, दोघांनाच माहीत आहे. बाबांना सुरुवातीला थोडं लागलं. "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणाले. त्यांना आजोबांच्या पुस्तिकेची आठवण करून दिली, हद्द लिहिलेलं पान. मग त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

राज्याबाहेर जायचं असेल तर मी आता दरवेळी त्या राज्याच्या पोलीस खात्याचं किंवा अॅटर्नी जनरलचं पान आदल्या रात्री वाचतो, दर वेळी नव्याने. कायदे बदलत राहतात, गेल्या वर्षीचा नकाशा यंदा चालेलच असं नाही. विमानाने जायचं तर कडक कवचाची कुलूपबंद पेटी, पिस्तूल रिकामं, काउंटरवर स्वतः सांगायचं. आणि मधला थांबा नेवार्कचा किंवा न्यू यॉर्कचा असेल तर पिस्तूल न्यायचंच नाही. रेव्हेल यांच्यानंतर हे मला वेगळं समजावायला नको.

यंदा गणपतीला एडिसनला निघताना बायकोने स्वतः डिकी उघडली. पेटी नव्हती, ती मी रात्रीच सेफमध्ये ठेवली होती. रेंजची कापडी बॅग मात्र कोपऱ्यात होती. तिने बॅग उचलून हलवली, बाजूच्या चेनच्या कप्प्यात हात घातला. कानात घालायचे दोन केशरी बोळे निघाले, एक जुनी पावती, आणि तळाशी एक नाइन एमएमची गोळी, तोंडाशी खळगा असलेली हॉलो पॉइंट. न्यू जर्सीत नेमकी हीच गोळी रेंज, शिकार, घर अशा ठरावीक सवलतींबाहेर जवळ असणं हा वेगळा गुन्हा आहे, शेजारी पिस्तूल असो वा नसो. तिने ती तळहातावर धरून मला दाखवली, काही न बोलता आत गेली आणि सेफ उघडल्याचा आवाज आला. मी बॅगच घरात ठेवली. मोदकाचा डबा तिच्या मांडीवर दिला आणि आम्ही निघालो.