बिल्ड लॉग, भाग ३ : एसएमपीएसपासून मदरबोर्डपर्यंतच्या केबल

मागच्या भागात प्रोसेसर, कूलर आणि रॅम बसवून बोर्ड कॅबिनेटमध्ये कसला होता. आता एसएमपीएसमधून, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, करंट द्यायचा. सामान तेच: बी६५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड, रायझन ५ ७६००, १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम, ६५० वॉटचा फुल मॉड्युलर (सगळ्या केबल सुट्या होणारा) एसएमपीएस आणि आरटीएक्स ३०६०. ग्राफिक कार्ड मुद्दाम बाहेर ठेवलंय. ७६०० मध्ये जुजबी ग्राफिक्स आतच आहे, त्यामुळे पहिला बूट बोर्डाच्या एचडीएमआयवर होतो आणि काही अडलंच तर संशयितांमधला एक कमी.

या टप्प्यावर दोन तऱ्हेच्या चुका होतात. प्लग अर्धवट बसतो, ही पहिली. बहुतेक वेळा पुन्हा दाबला की संपली. दुसरी म्हणजे केबलच चुकीची लागते, आणि त्यात पार्ट जातो. म्हणून जास्त वेळ दुसरीवर घातला आहे.

मॉड्युलर टोक

बोर्डाकडचं टोक एटीएक्स स्पेसिफिकेशनने ठरवून दिलेलं आहे. एसएमपीएसकडच्या टोकाला असलं काही प्रमाण नाही. सॉकेट दिसायला सारखे, प्लग खटकन बसतो, पण आतल्या पिनांचा क्रम कंपनीगणिक वेगळा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळा असू शकतो. जुन्या एसएमपीएसची साटा केबल (डिस्कला वीज देणारी) नव्याला लावली आणि ५ व्होल्टच्या वायरीत १२ व्होल्ट आले, की हार्ड डिस्क आणि एसएसडी दोन्ही जातात. पिशवीत सुट्या केबल पडलेल्या असतील तर त्या कुठल्या एसएमपीएसच्या आहेत याची चिठ्ठी बांधून ठेवा. खात्री नसलेली केबल वापरूच नये.

कॅबिनेटमध्ये सरकवण्याआधी सगळ्या केबल एसएमपीएसला लावून घेतल्या. खालच्या कप्प्यात गेल्यावर मागच्या बाजूला बोटं शिरत नाहीत आणि प्लग पूर्ण बसला की नाही हे दिसतही नाही.

मग बोर्डाला काहीही न जोडता एसएमपीएस एकटा चालवून पाहिला. २४ पिनच्या प्लगमध्ये १६ नंबरची पिन, म्हणजे रंगीत केबल असेल तर हिरवी वायर, शेजारच्या १५ किंवा १७ नंबरच्या काळीला जोडायची आणि मागचा स्विच चालू करायचा. काही एसएमपीएसचा पंखा कमी लोडवर फिरतच नाही. फिरला नाही म्हणून बाद ठरवू नका, मीटर लावा. आलेली रीडिंग: १२ व्होल्टच्या पिवळ्यावर १२.११, लाल ५ वर ५.०४, नारिंगी ३.३ वर ३.३३, जांभळ्या स्टँडबायवर (कॉम्प्युटर बंद असतानाही चालू राहणाऱ्या ५ व्होल्टवर) ५.०७. मर्यादा पाच टक्क्यांची आहे, म्हणजे ११.४० ते १२.६०, ४.७५ ते ५.२५ आणि ३.१४ ते ३.४७. साध्या मीटरला रिपल, म्हणजे व्होल्टेजमधली बारीक वेगवान थरथर, दिसत नाही, त्यामुळे आकडे चांगले आले म्हणजे एसएमपीएस उत्तम असा अर्थ होत नाही. केबल जागच्या जागी आहेत एवढं नक्की कळतं. साटा प्लगवरही ५ आणि १२ तपासून घेतले.

करड्या वायरीकडे, पिन ८ कडे, फार कोणी बघत नाही. सगळे व्होल्टेज स्थिर झाले की एसएमपीएस इथून ‘पॉवर ओके’ सांगतो. तिथे ५ च्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत. हा सिग्नल आला नाही तर बोर्ड रीसेटमध्येच अडकतो: पंखे गरगर फिरतात, डिस्प्ले मात्र नाही. अशा वेळी लोक रॅम बदलत बसतात.

सीपीयूची केबल आणि तिची तोतया बहीण

बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला ८ पिनचा सॉकेट प्रोसेसरचा. ही केबल सगळ्यात आधी ओढायची. वरचा पंखा लागला, कूलरची उंची मध्ये आली, की त्या कोपऱ्यात हात जात नाही. बोर्ड अजून बसवला नसेल तर केबल आधी मागून वर काढून ठेवणं सर्वांत सोपं.

गडबड होते ती इथे. ग्राफिक कार्डाची केबलही ८ पिनचीच, पण उलटी. सीपीयूच्या प्लगमध्ये खटक्याच्या बाजूच्या चारही पिना १२ व्होल्टच्या आणि समोरच्या चार ग्राउंड. ग्राफिक्सच्या प्लगमध्ये खटक्याकडच्या चारही ग्राउंडला, आणि पलीकडे तीन १२ व्होल्ट व एक सेन्स (केबल लागली आहे हे कार्डाला कळवणारी), तीही ग्राउंडलाच. म्हणजे ग्राफिक्सची केबल सीपीयूच्या सॉकेटात कोंबली तर १२ व्होल्ट थेट ग्राउंडला. चौकोनी आणि कोपरे कापलेल्या पिनांची रचना हे अडवण्यासाठीच केलेली आहे, पण अंगठ्याचा जोर लावला तर प्लास्टिक नमतं. एसएमपीएसचं शॉर्ट सर्किट प्रोटेक्शन वेळेत उडालं तर नशीब म्हणायचं.

ओळखायचं कसं? सीपीयूचा प्लग ४+४ असा मधोमध दुभंगतो, ग्राफिक्सचा ६+२. हल्ली सगळ्या वायरी काळ्या असतात आणि प्लगवरची अक्षरं पुसट, तेव्हा मीटर बीपवर ठेवा. करंट बंद, एक प्रोब एसएमपीएसच्या पत्र्यावरच्या उघड्या स्क्रूला, दुसरा प्लगच्या पिनेला. खटक्याकडच्या चारही पिना बीप देत असतील तर ती ग्राफिक्सची केबल. पलीकडच्या चार देत असतील तर सीपीयूची. १२ व्होल्टच्या पिनेवरही क्षणभर बीप होऊन थांबू शकते. तो आतला कपॅसिटर चार्ज होत असतो, ती बीप मोजायची नाही.

या बोर्डावर ८ च्या शेजारी आणखी ४ पिनचा सॉकेट आहे. तो रिकामा ठेवला आहे. ७६०० ची पॉवर लिमिट ८८ वॉट. १२ व्होल्टवर साधारण ७.३ अँपिअर, व्हीआरएममधलं (१२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला देणाऱ्या बोर्डावरच्या सर्किटमधलं) नुकसान धरलं तर थोडं जास्त. चार पिनांत वाटले तर प्रत्येकीवर दोन अँपिअरच्या आसपास. एकच ८ पिन आरामात पुरते. जास्तीचा सॉकेट मोठे प्रोसेसर आणि ओव्हरक्लॉकिंगवाल्यांसाठी. तो भरण्याकरता मोलेक्सवरून (जुन्या तऱ्हेच्या ४ पिनच्या प्लगवरून) कन्व्हर्टर घेण्यात काहीच अर्थ नाही.

२४ पिन

केबल २०+४ प्रकारची असेल तर चारचा तुकडा आधी वीसच्या खाचेत सरकवून एकसंध करा, मगच बोर्डावर आणा. अरुंद मायक्रो-एटीएक्स बोर्डाच्या उजव्या कडेखाली बरेचदा स्टँडऑफच (बोर्डाला खालून टेकू देणारा पितळी खुंट) नसतो. नुसता वरून जोर दिला की बोर्ड वाकतो. चार बोटं बोर्डाच्या कडेखाली आणि अंगठा प्लगवर, अशी चिमटीची पकड घ्या. जोर आधी एका टोकाला, मग दुसऱ्या. खटका सॉकेटच्या हुकावर चढल्याचा आवाज येतोच असं नाही. डोळ्यांनी बघा, दोन्ही टोकांना फट सारखीच आणि जेमतेम दिसेल एवढी हवी.

चारचा तुकडा सैल राहिला तर काय होतं हे जरा तपशिलात. कॉम्प्युटर बहुतेक वेळा चालू होतो, आणि तिथेच फसगत होते. त्या तुकड्यात १२ व्होल्टची एक पिन आहे, ११ नंबरची. वीसच्या भागात १० नंबरची एकच. ग्राफिक कार्डाचा स्लॉट १२ व्होल्टवर ५.५ अँपिअरपर्यंत, म्हणजे ६६ वॉट ओढू शकतो. त्यात कॅबिनेटच्या पंख्यांची भर. एरवी दोन पिनांत वाटला जाणारा हा करंट एकाच पिनेतून जातो, ती तापते, तापल्यावर पकड ढिली होते, ढिली झाली की आणखी तापते. जुन्या बोर्डांचा २४ पिनचा प्लग काढलात तर पिवळ्या वायरीभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी झालेलं दिसेल. बऱ्याचदा कारण हेच.

प्लगच्या २४ खणांत एक रिकामा दिसला तर केबल परत करायला धावू नका. २० नंबरच्या पिनेवर पूर्वी उणे ५ व्होल्ट असायचे, आता तिथे काही नसतं. उलट १३ नंबरला दोन वायरी असतील. दुसरी बारीक वायर ३.३ व्होल्टच्या सेन्सची, म्हणजे बोर्डापाशी किती व्होल्ट पोचले हे एसएमपीएसला कळवणारी.

रंगीत एक्स्टेन्शन केबल लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत स्वस्तात मिळतात. घ्यायच्याच तर १८ एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं माप) छापलेल्या घ्या आणि टोक सोलून तार खरवडून बघा. आतून चंदेरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. ती ग्राफिक कार्डाला लावू नये.

फ्रंट पॅनेल आणि पहिला बूट

फ्रंट पॅनेलवर फार बोलण्यासारखं नाही. पॉवर स्विच ६ आणि ८ वर, रीसेट ५ आणि ७ वर, हार्ड डिस्कचा दिवा १ आणि ३, पॉवरचा २ आणि ४. स्विचला उलटसुलट चालतं, दिव्यांना चालत नाही.

बटण दाबल्यावर काहीच हललं नाही, पण बोर्डावरचा एखादा स्टँडबाय दिवा लागलेला आहे, तर ६ आणि ८ पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर टेकवा. चालू झाला तर दोष बटणाच्या वायरीत. पंखे एक झटका देऊन थांबले तर शॉर्ट शोधा: चुकीच्या जागचा स्टँडऑफ, किंवा वर सांगितलेली तोतया. पंखे फिरतात आणि बोर्डावरचा सीपीयू दिवा पेटून राहतो, तर आधी ८ पिनचा प्लग काढून पुन्हा बसवा. तो काढण्यापूर्वी मागचा स्विच बंद करून पॉवर बटण दाबा; स्टँडबाय दिवा विझला की कपॅसिटर रिकामे झाले.

रॅमचा दिवा पेटून स्क्रीन काळी राहिली तर मात्र हात लावू नका. एएम५ बोर्ड (७६०० ज्यात बसतो त्या सॉकेटचे) पहिल्या बूटला डीडीआर५ चं ट्रेनिंग करतात, म्हणजे रॅमशी टायमिंग जुळवून घेतात, त्यात काही मिनिटं जातात. करंट तोडला की पुन्हा पहिल्यापासून.

बायोस (बोर्डाची सेटिंगची स्क्रीन) आल्यावर सीपीयू प्लगच्या मागून, वायरीच्या बाजूने प्रोब घालून मोजलं: १२.०६. ग्राफिक कार्डाची ६+२ केबल पुढच्या भागात. ३०६० ला १७० वॉट लागतात. स्लॉटचे ७५ आणि एका ८ पिनचे १५० मिळून २२५ होतात, तेव्हा एक केबल पुरेल. दोन ८ पिनांचं कार्ड असेल तर एकाच केबलची दोन तोंडं न वापरता दोन स्वतंत्र केबल ओढा.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर यातल्या कुठल्याच केबलचा दोष नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलवरून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर मेन्सच्या निम्मे व्होल्ट तरंगतात. सॉकेटात फेज-अर्थ मोजा. २३० च्या जवळ यायला हवेत आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीनच्या आत. दोन पिनांची एक्स्टेन्शन वापरत असाल तर मोजायचीही गरज नाही, तिथे अर्थिंग नसतंच. सॉकेट ६ अँपिअरचा चालेल: ६५० वॉट पूर्ण लोडवरही हा एसएमपीएस भिंतीतून सव्वातीन अँपिअरच्या आसपासच ओढेल.