आमची वाटचाल : जुन्या डागापासून चोख सोन्यापर्यंत

कर्नाटकातल्या हुत्तीच्या खाणीत टनभर दगड दळून, सायनाइडच्या पाण्यात विरघळवून काही ग्रॅम सोनं मिळतं. आमची खाण म्हणजे कोल्हापूरच्या गुजरीतून, सराफांच्या पेठेतून, येणारे जुने डाग, म्हणजे मोडीतले दागिने. गलाई, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करण्याचं काम, आम्ही दगडी कोळशाच्या भट्टीवर सुरू केली, आता विजेवरची इंडक्शन भट्टी आहे. शुद्धीकरणाची रीत मात्र चौथाईचीच, म्हणजे चार भागांत एक भाग सोनं ठेवण्याची.

22 कॅरेटच्या 100 ग्रॅम डागात चोख सोनं 91.6 ग्रॅम. एक भाग सोनं आणि तीन भाग बाकीचं, हे प्रमाण बसवायला त्यात सुमारे 266 ग्रॅम चांदी घालावी लागते. सवागी (टाकणखार) टाकून मुशीत, म्हणजे गाळायच्या भांड्यात, गाळायचं, नीट ढवळायचं आणि बारीक धारेने थंड पाण्यात ओतायचं, म्हणजे पातळ दाणे पडतात. चांदी कमी पडली तर तेजाब (आम्ल) दाण्याच्या पोटात शिरत नाही. जास्त झाली तर सोन्याची इतकी बारीक भुकटी होते की धुताना पाण्याबरोबर निघून जाते.

मग दाण्यांवर शोऱ्याचं तेजाब (नायट्रिक आम्ल), पहिल्या खेपेला निम्मं पाणी घालून, दुसऱ्या खेपेला कडक. त्यात चांदी-तांबं विरघळतं, सोनं नाही. पूर्वी बोअरचं पाणी वापरायचो. त्यातलं क्लोराइड चांदीशी मिळून दुधासारखा साका धरतं, तो सोन्यावर बसतो आणि टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, खाली येतो. डिस्टिल्ड पाणी हा आमच्या कामातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचा बदल.

शेवटी तळाला उरतं ते सोनं चमकत नाही. ओल्या चहापुडीसारखं तपकिरी दिसतं. धुतलेल्या पाण्यात मिठाच्या पाण्याचा थेंब टाकायचा. पांढरं आलं तर अजून धुवायचं. मग 1064 अंशांच्या वर गाळलं की पिवळी लगड.

चांदी द्रावणात असते. तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की ती करडी होऊन खाली बसते. दर 100 ग्रॅम चांदीमागे सुमारे 30 ग्रॅम तांबं खर्ची पडतं.

क्ष-किरणांनी टंच मोजणाऱ्या एक्सआरएफ यंत्रावर एकट्यावर विसंबू नये. ते वरचाच थर वाचतं. मुलामा असेल तर फसवतं. डाग गाळून, ढवळून मगच नमुना घ्यावा.

तेजाबाचा तांबडा धूर छातीत गेला तर त्रास काही तासांनीही उठतो, म्हणून तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून नेऊनच बाहेर सोडतो. जुने केडीएम डाग, म्हणजे कॅडमियमच्या डाकाने जोडलेले दागिने, गाळतानाही धुराड्याचा पंखा चालूच हवा, कॅडमियमची वाफ फार वाईट. उरलेल्या निळ्या पाण्यात लोखंडाचा कीस टाकून तांबं काढतो, चुन्याने आम्ल मारतो आणि गाळ घातक कचऱ्यात देतो. पंचगंगेकडे जाणाऱ्या गटारात त्यातलं काहीच सोडत नाही.