नारोशंकराची घंटा

रविवारी दुपारी अडीच वाजता आमच्या सोसायटीतल्या गणपतीची आरती सुरू झाली. आरती म्हणजे यंत्र. एक लोखंडी सांगाडा, त्यात मोटर, मोटरीला बांधलेल्या दोन काठ्या, एक नगारा, एक झांज आणि चार घंटा. बटण दाबलं की सगळं एकदम. भांडी भरलेला पिंप कुणीतरी जिन्यावरून सोडून द्यावा, तसा आवाज. संध्याकाळी सातला ते वाजतं, तेव्हा आपण आपोआप टीव्हीचा आवाज वाढवतो, संपलं की कमी करतो. पण त्या दिवशी टायमर बिघडला होता. वॉचमन धावला, त्याला बटण सापडेना, शेवटी त्यानं मेन स्विचच पाडला. गणपती थांबला, लिफ्टही थांबली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मधेच अडकून वेगळाच घंटानाद करायला लागल्या.

आमरस खाऊन झोपलेल्या माणसाला असं उठवलं की पुन्हा झोप लागत नाही. मी पडल्या पडल्या घंटांचा विचार करत राहिले.

घंटेच्या बाबतीत मी जरा विक्षिप्त आहे, हे कबूल करते. देवळात गेले की घंटा एकदाच वाजवते आणि तिचा शेवटचा गुंजारव हवेत विरेपर्यंत तिथेच उभी राहते. चांगली घंटा असेल तर बराच वेळ लागतो. मागची माणसं आधी खाकरतात, मग 'ताई, चला पुढं' म्हणतात, मग हात लांब करून माझ्या डोक्यावरूनच घंटा बडवतात. झालं, पहिला नाद त्यात बुडाला. दुसरी खोड म्हणजे मान वर करून घंटेवरचं वाचणं. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ.' पंख्याच्या पात्यावर, बाकाच्या पाठीवर, घंटेच्या पोटावर, आपल्याकडे देवळात मेलेली माणसं सगळीकडून आपल्याकडे बघत असतात.

जिच्यावरचं मला वाचायचं होतं आणि कधी वाचता आलं नाही, ती घंटा नाशिकची.

आजोळ नाशिकला. सुट्टीत आजीबरोबर रोज गोदावरीवर जायचं. तिचं स्नान होईस्तोवर मी पायरीवर बसून समोर बघत राहायची. समोर नारोशंकराचं देऊळ, आणि दर्शनी तटावर, वर उंच छत्रीत टांगलेली ती प्रचंड घंटा. इतर देवळांत आजी मला कमरेला धरून उचलायची, हात पुरायचा. इथे आजी तरी काय करणार? मी रोज हट्ट करायची, आणि ती रोज एकच उत्तर द्यायची. 'हात पुरेल तेव्हा वाजव हो.' मी खरंच वाट बघत होते. दर मे महिन्यात मनाशी मोजायची, गेल्या वर्षीपेक्षा थोडी जवळ आली का.

आमच्या घरी मोठ्या आवाजाच्या माणसाला 'नारोशंकराची घंटा' म्हणत. धाकट्या मावशीचं तेच नाव होतं, पुढे ते माझ्याकडे आलं. 'हळू बोल गं, नारोशंकराची घंटा!' पावसाळ्यात पूर आला की मोठी माणसं नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी मोजत. गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीला आलं. आणि त्याच्याही पुढचं माप आजीकडे होतं. पाणी घंटेला लागलं की घंटा आपणच वाजते, मग नाशकात कुणी घरात थांबत नाही, असं ती सांगायची. हे ऐकताना मला भीती वाटायची आणि थोडा हेवाही. पाण्याचा हात पुरतो!

शाळेत 'वसईचा किल्ला कोणी व केव्हा जिंकला?' हा प्रश्न दोन मार्कांना असायचा. चिमाजी अप्पा, १७३९. दोन मार्क मिळाले, विषय संपला. ती घंटा त्याच वसईहून आली आहे, तिच्यावर १७२१ साल आहे आणि ती मुळात पोर्तुगिजांची, हे मला कळलं तेव्हा माझी स्वतःची मुलगी कॉलेजात होती. म्हणजे मी रोज तिच्यासमोर बसून शेंगदाण्याचा लाडू खात होते आणि शाळेत जाऊन तिचं उत्तर पाठ करत होते. दोन्हीची गाठ कुणी घालून दिली नाही.

वसई पोर्तुगिजांकडे गेली १५३४ मध्ये. गुजरातच्या बहादूरशहाला मोगलांची धास्ती होती, त्यानं तहात ती देऊन टाकली. पुढची दोनशे वर्षं तिथे तटाच्या आत एक अख्खं फिरंगी शहर होतं. वाडे, मठ आणि एकाला लागून एक चर्च. १७३९ च्या मे महिन्यात सुरुंगांनी तट फुटला, दोन्हीकडची अतोनात माणसं मेली, आणि तह झाला. तहाप्रमाणे आतली फौज ढोल वाजवत, निशाणं घेऊन मानानं बाहेर पडली. घंटा मागे राहिल्या. त्या मराठ्यांनी उतरवल्या आणि गावोगावच्या देवांना वाटल्या. एक भीमाशंकरला, एक वाईजवळ मेणवलीला, आणखी कुठे कुठे. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये गोदेकाठी रामेश्वराचं देऊळ बांधलं, तिथे ही. गंमत अशी की देवाचं नाव रामेश्वर, आणि अख्खं गाव म्हणतं नारोशंकराचं देऊळ. सरदारांनी झाशीची सुभेदारी केली, मालेगावचा भुईकोट बांधला, तरी नाशकात त्यांचं नाव टिकलं ते घंटेला चिकटून.

एवढी जड वस्तू वसईहून नाशकात आणली कशी, हा प्रश्न मला तहाच्या कलमांपेक्षा जास्त छळतो. कसाऱ्याचा घाट चढताना किती बैल लागले असतील? वाटेत ती बोलली असेल का? गाडा दगडावरून गेला की लोलक हलणारच. मी असते तर लोलकाला चिंध्या गुंडाळल्या असत्या. नाहीतर सगळ्या वाटभर गावं उठून बाहेर आली असती.

आणि ती नुसती वस्तूही नव्हती. कॅथलिकांमध्ये चर्चची घंटा टांगण्याआधी तिचा जणू बाप्तिस्माच करतात. बिशप येतो, पवित्र पाण्यानं धुतो, तेल लावतो, तिचं नाव ठेवतात. आपल्याकडे बारशाला 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' करतात, तशी तिकडेही धर्माचे आईबाप उभे राहत. म्हणजे भीमाशंकरच्या धुक्यात जी लटकते आहे, तिचं कदाचित एखादं मारिया-बिरिया नाव असेल आणि आपण तिला हाकच मारत नाही. युरोपात जुन्या घंटांवर लॅटिन ओळ असे, जिवंतांना बोलावते, मेलेल्यांसाठी रडते, विजा मोडते. वादळ आलं की ते भूतपिशाच्चांचं काम समजून घंटा बडवत. आता आपल्या पूजेतला श्लोक आठवा. 'आगमार्थं तु देवानां गमनार्थं तु रक्षसाम्.' देवांनी यावं, राक्षसांनी निघावं. त्या घंटेला गाव बदललं, देव बदलला, भाषा बदलली, पण नोकरी तीच राहिली. फक्त राक्षस कोण, याची यादी बदलली असणार.

मेणवलीच्या घंटेवर बाळ घेतलेली बाई आहे. मेरी आणि बाळ येशू. गाव नाना फडणवीसांचं, आणि वसई पडली तेव्हा नाना जन्मालाही आले नव्हते. थकलेल्या आजीला तिथे घेऊन गेले होते. ती घाटाच्या पायऱ्या मोजत उतरली, घंटेसमोर थांबली, चष्मा वर केला आणि हात जोडले.

'आजी, काय आहे ते माहितीये का?'

'न माहीत असायला काय झालं? यशोदा आहे.'

मी सांगणार होते. मग नाही सांगितलं. तिनं जन्मभर सात मुलं वाढवली होती, कडेवर मूल घेतलेली बाई तिला परकी कशी वाटावी? मी नुसती बोटाच्या पेरानं घंटेला टिचकी मारली. बारीक, लांब आवाज आला. काशाच्या वाटीसारखा.

काशाची वाटी! उन्हाळ्यात डोळ्यांची आग व्हायला लागली की आजी तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासायची. तूप काळं पडायचं, 'बघ, किती उष्णता निघाली', आणि मला गुदगुल्या. वाटी, घंटा, तोफ, सगळ्यांची आई एक. तांबं आणि कथील. घंटेत कथील अंदाजे पाचवा हिस्सा, म्हणून ती कडक, ठिसूळ आणि बोलकी. तोफेत त्याच्या निम्मं, म्हणजे दारूचा दणका खाऊन फुटत नाही. ओतणारे कारागीरही पुष्कळदा तेच. त्यामुळे लढाई आली की राजांची नजर घंटांकडे वळायची. फ्रान्समध्ये क्रांती झाली, १७९३ मध्ये हुकूम निघाला, प्रत्येक चर्चमागे एक घंटा ठेवा, बाकीच्या उतरवा आणि तोफा ओता.

आणि पोर्तुगिजांचं म्हणाल, तर त्यांच्यातल्याच एकानं हे उलट्या बाजूनं करून पाहिलं होतं. फिलिप द ब्रितु नावाचा एक साहसी गृहस्थ ब्रह्मदेशात सिरियमला ठाणं करून बसला होता. रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्यात राजा धम्मझेदीनं पंधराव्या शतकात वाहिलेली एक अवाढव्य घंटा होती. १६०८ मध्ये द ब्रितुनं ती काढली, टेकडीवरून हत्तींकडून ओढून आणली, तराफ्यावर चढवली आणि तराफा आपल्या जहाजाला बांधला. वितळवून तोफा करायच्या होत्या. बागो आणि रंगून नद्यांच्या संगमावर तराफा मोडला, घंटा तळाला गेली. पाणबुडे आजतागायत शोधताहेत. पाच वर्षांनी ब्रह्मी राजानं सिरियम घेतलं आणि द ब्रितुला सुळावर दिलं. देवळाची घंटा तोफ होता होता नदीत बुडाली. चर्चची घंटा दुसऱ्या नदीच्या काठी देवळावर चढली आणि पुराची वाट बघत बसली. यातून काय निष्कर्ष काढावा ते मला कळत नाही. एवढंच कळतं की वितळवायच्या घंटेपेक्षा टांगायची घंटा बरी. आपल्या लोकांनी वसईच्या घंटांच्या तोफा केल्या नाहीत, याचं मला बरं वाटतं. आता केल्याच नसतील अशी मला फार खात्री आहे, असंही नाही. ज्या तोफा झाल्या त्या सांगायला येणार थोड्याच?

आणखी एक. चर्चची घंटा मनोऱ्यात असते. ती वाजवणारा दिसत नाही, आणि ऐकायचं असतं शेतातल्या, बंदरावरच्या, अंथरुणातल्या माणसांनी. या, वेळ झाली. आपल्या देवळातली घंटा आपण देवाला ऐकवायला वाजवतो. मी आले हो. एक सगळ्यांना हाक मारते, दुसरी एकट्याची वर्दी देते. आयुष्यभर गाव गोळा करायला ओतलेली घंटा लहान मुलांच्या हातांनी टण्णकन वाजते तेव्हा तिला काय वाटत असेल? निवृत्त हेडमास्तरांना नातवाच्या शाळेच्या गेटवर उभं केल्यासारखं?

ऑफिसात माझी एक मैत्रीण आहे, वसईची, ख्रिस्ती. तिच्या घरी सामवेदी, म्हणजे तिकडची मराठीची एक बोली, बोलतात. माझ्या मराठीपेक्षा तिच्या आजीची मराठी जुनी आहे असं मला नेहमी वाटतं. सोमवारी डबा खाताना मी तिला बलांगिगाच्या घंटांची गोष्ट सांगितली. फिलिपिन्समधलं गाव. आधी तीनशेहून जास्त वर्षं स्पेनचं राज्य, मग अमेरिकेचं. १९०१ मध्ये गावकऱ्यांनी अमेरिकी सैनिकांवर हल्ला केला, अमेरिकनांनी भयंकर सूड घेतला आणि जाताना चर्चच्या तीन घंटा विजयाची खूण म्हणून उचलून नेल्या. त्या गावानं मागणं सोडलं नाही. २०१८ च्या डिसेंबरात त्या परत आल्या. एकशे सतरा वर्षांनी.

'मग?' ती म्हणाली.

'मग काही नाही. तुमच्याही आमच्याकडे आहेत.'

तिनं बोंबलाच्या चटणीचा डबा माझ्याकडे सरकवला. 'परत देतेस? आणणार कशा? विरार लोकलमध्ये, लगेजच्या डब्यात?'

आम्ही दोघी खूप हसलो. आमच्या चर्चला आता स्पीकर आहे, तीही म्हणाली, पहाटे कानाशी सुरू होतो. मी तिला आमच्या गणपतीच्या यंत्राचं सांगितलं. मग बराच वेळ मी एकटीच नाशिकबद्दल बोलत राहिले. छत्री, पूर, दुतोंड्या मारुती, मावशीचं नाव, माझं नाव. तिनं डबा बंद केला, हात धुऊन आली आणि टॉवेलला पुसत सहज विचारलं,

'आवाज कसा आहे गं तिचा?'

मी तोंड उघडलं. मोठा, म्हणणार होते. मग लक्षात आलं, तो मी कधी ऐकलेलाच नाही.