लघवी : पुरेशी

आमच्या लॅबमधला मुलगा फोनवर आधी आकडा सांगतो, मग पेशंट. त्या संध्याकाळी तो नुसताच घुटमळत होता. "सर, कॅज्युअल्टीतल्या आजी आहेत ना... मशीन बिघडलंय बहुतेक. सोडियम 106 दाखवतंय. दोनदा लावून बघितलं." सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेतलं का, असं मी विचारलं. ग्लुकोजच्या बाटलीखालच्या हातातून नमुना काढला की सोडियम खोटं पडतं आणि साखर आभाळाला टेकते. पण नमुना दुसऱ्या हाताचा होता आणि साखर 118 होती. म्हणजे मशीन ठणठणीत होतं.

रक्तातलं सोडियम 135 ते 145 असावं लागतं. म्हातारपणी 128, 130 घेऊन हिंडणारी माणसं मी रोज बघतो. ती जरा लटपटतात, विसरतात, घरचे म्हणतात वय झालं. 106 म्हणजे मेंदूच्या पेशी पाणी शोषून फुगलेल्या, आणि कवटी काही फुगत नाही.

आमचं रुग्णालय धर्मादाय आहे, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. एप्रिल महिना होता. आजी अडुसष्टच्या, वजन पंचेचाळीस किलो. तीन दिवस उलट्या, कालपासून बरळणं, आज सकाळी सुनेला ओळखलं नाही. मधल्या वेळात त्यांना एका जाणत्याकडे नेऊन अंगारा लावला होता. माझा त्याच्यावर राग नाही, अंगाऱ्याने सोडियम पडत नाही. राग आहे तो गावातल्या डॉक्टरने आदल्या दिवशी "अशक्तपणा" म्हणून चढवलेल्या ग्लुकोजच्या दोन बाटल्यांवर. पाच टक्के ग्लुकोजमधली साखर शरीर तासाभरात जाळतं आणि मागे उरतं ते निव्वळ पाणी. बुडणाऱ्याच्या तोंडात तांब्या ओतावा तसा प्रकार. पण आपल्याकडे सलाईन लावल्याशिवाय उपचार झाला असं कुणालाच वाटत नाही, पेशंटलाही नाही आणि फी घेणाऱ्यालाही नाही. चिठ्ठीवर "पॅरालिसिस?" लिहिलं होतं. सीटी स्कॅन तेवढ्यासाठी आधीच करून आणला होता. नॉर्मल.

आजींच्या मुलाने खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि कोडं सुटलं. तीन आठवड्यांपूर्वी बीपीची गोळी बदलली होती. टेल्मिसार्टनसोबत हायड्रोक्लोरोथायाझाइड 12.5, म्हणजे पट्टीवरच्या नावापुढे एच असलेली. औषध स्वस्त आणि चांगलं, पण काटकुळ्या म्हाताऱ्या बायकांना ते कधी कधी पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच असा दगा देतं. मूत्रपिंडाला पातळ लघवी करता येईनाशी होते आणि प्यालेलं पाणी अंगातच साठत जातं. वर कुणीतरी सांगितलेलं, "मीठ बंद, पाणी भरपूर." सुनेने ते इमानाने पाळलं होतं. अळणी भाकरी, चहा, आणि उन्हाळा म्हणून दर तासाला पेला.

"मीठ कमी झालंय म्हणता, मग मिठाचं पाणी पाजू का?" मुलाने विचारलं. हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. सोडियम कमी म्हणजे बहुतेक वेळा मीठ कमी नसतं, पाणी जास्त असतं. आमटीत मीठ नेमकं पडलंय, पण कुणीतरी वरून चार तांबे पाणी ओतलं तर ती अळणी लागेल, तसं. मी आमटीचं बोलेपर्यंत आजींना आकडीचा झटका आला.

पुढचा भाग आम्हाला चांगला जमतो. तीन टक्क्यांची, म्हणजे नेहमीपेक्षा खारट सलाईन, शंभर मिली, दहा मिनिटांत. पोटॅशियमही कमी, 2.8, तेही सुरू. पंधरा मिनिटांनी दुसरा शंभर मिलीचा डोस. झटका थांबला, उलटीचं इंजेक्शन दिलं, लघवीसाठी कॅथेटर घातलं. साडेआठला सोडियम 111. हात वर करून नाचावं असा आकडा. सोडियम पाचने वाढलं की मेंदूची सूज जीव वाचण्याइतकी उतरते, आणि पहिल्या काही तासांत तेवढंच हवं असतं.

यापुढे मात्र उलटा पाढा. सोडियम हळूहळू पडलेलं असलं की मेंदूच्या पेशी आतला ऐवज बाहेर टाकून त्या पाण्याशी जुळवून घेतात. मग सोडियम भसकन वर नेलं तर पेशींना तो ऐवज तेवढ्या वेगाने परत जमवता येत नाही आणि मेंदूच्या देठातल्या मज्जातंतूंचं वेष्टण उतरतं. 1959 साली अॅडम्स, व्हिक्टर आणि मॅन्कॉल यांनी दारुड्या आणि कुपोषित पेशंटमध्ये हा आजार पहिल्यांदा मांडला. सोडियम घाईने वाढवण्याशी त्याचा संबंध आहे हे पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. म्हणजे आपणच घडवतो तो. आणि लगेच दिसतही नाही. पेशंट सुधारतो, घरचे पेढे आणतात, आणि दोन ते सहा दिवसांनी बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, हातपाय जातात. म्हणून चोवीस तासांत आठपेक्षा जास्त वाढ नको, आणि आजींसारख्या खंगलेल्या, पोटॅशियम पडलेल्या बाईच्या बाबतीत तर अजिबात नको.

आठातले पाच मी अडीच तासांत खर्च केले होते. तीन टक्क्यांची बंद केली. उलट्यांनी अंग सुकलेलं, म्हणून साधी नॉर्मल सलाईन सावकाश लावली आणि तिच्यात पोटॅशियम घातलं. कागदावर लिहिलं : सोडियम दर चार तासांनी. बाराला 113. मी घरी जाऊन झोपलो.

दोन चुका तेव्हाच झाल्या होत्या. पोटॅशियम दिलं की सोडियमही तेवढंच चढतं, दोन्ही एकाच खात्यात जमा होतात, हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. त्या रात्री बाटलीतलं पोटॅशियम मी हिशेबात धरलंच नाही. आणि दुसरी चूक, लघवीबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही.

उलट्या थांबल्या आणि अंगात पाणी-मीठ भरलं की शरीराची पाणी धरून ठेवण्याची आज्ञा एकदम मागे घेतली जाते. मळमळ हीदेखील त्या आज्ञेचं एक मोठं कारण असते. ती बीपीची गोळीही दोन दिवस पोटात टिकली नव्हती. धरणाचे दरवाजे उघडावेत तसं मूत्रपिंड साठलेलं पाणी सोडू लागतं. तासाला शंभर मिलीच्या वर लघवी आली की समजायचं, आता सोडियम आपल्या हातात राहिलं नाही.

पहाटे पाचला फोन आला तो सिस्टरचा नाही, आरएमओचा म्हणजे रात्रपाळीच्या डॉक्टरचाही नाही. वॉर्डातल्या मावशींनी सिस्टरच्या फोनवरून लावला होता. "साहेब, त्या झटक्यावाल्या आजींची पिशवी अडीचला काठोकाठ भरलेली ओतली. आता परत अर्ध्याच्या वर आलीय. नुसती पाण्यासारखी पांढरी हाय. एवढं पाणी कुठनं येतंय?"

पिशवी दोन लिटरची असते. गाडी काढताना मी बेरीज करत होतो आणि ती कशीही केली तरी तीन लिटरच्या खाली येत नव्हती.

चारचं सोडियम झालंच नव्हतं. लॅबवाल्याने फोन उचलला नाही. आरएमओला, म्हणजे होमिओपॅथीची पदवी घेऊन आमच्या ॲलोपॅथीच्या रात्री सांभाळणाऱ्या पोराला, वाटलं की पेशंट एवढी छान झाली आहे तर सहाला करू. छान होत्याच त्या. तीनला जाग्या होऊन त्यांनी चहा मागितला होता, सुनेला नावाने हाक मारली होती. वॉर्डभर आनंद. तक्त्यावर लघवीच्या रकान्यात सिस्टरने लिहिलं होतं : पुरेशी. मिली नाही, वेळ नाही. पुरेशी. नर्सिंग कॉलेजात हे शिकवत नाहीत, मला माहीत आहे. पण पस्तीस खाटांना रात्री दोन सिस्टर ठेवल्या की हा शब्द आपोआप तयार होतो. त्या दोघींपेक्षा ट्रस्टींना हा तक्ता दाखवावासा वाटतो.

साडेपाचला सोडियम 121. साडेअकरा तासांत पंधरा.

आजी माझ्याकडे बघून हसल्या. मला घाम फुटला होता.

चढलेलं सोडियम परत उतरवायचं, हे नातेवाइकांना समजावणं फार अवघड. काल वाढवत होतात, आज कमी करताय, नक्की काय चाललंय? मुलाच्या जागी मी असतो तरी हेच विचारलं असतं. नॉर्मल सलाईन काढली आणि ग्लुकोजची बाटली लावली. काल ज्या बाटलीवरून मी त्या डॉक्टरला शिव्या घातल्या, तीच, त्याच कंपनीची. पण लघवी चालू असताना नुसतं वरून पाणी ओतून भागत नाही, नळ बंद करावा लागतो. त्यासाठी डेस्मोप्रेसिन हवं. त्याचा सगळ्यात बदनाम दुष्परिणाम म्हणजे सोडियम पडणं. त्या दिवशी आम्हाला तोच दुष्परिणाम विकत घ्यायचा होता. गावातल्या मेडिकलमध्ये गोळ्या निघाल्या, अंथरूण ओलं करणाऱ्या पोरांसाठी ठेवलेल्या. इंजेक्शन नाही. सोलापूरच्या ओळखीच्या केमिस्टला उठवलं. त्याने बर्फाच्या पिशवीत घालून पहिल्या एसटीच्या कंडक्टरकडे दिलं आणि आमचा वॉर्डबॉय साडेनऊला ते स्टँडवरून घेऊन आला. आठला 119 होतं. इंजेक्शननंतर लघवी तासाला चाळीसवर आली. दुपारी 117. संध्याकाळी सहाला, चोवीस तास भरले तेव्हा, 115. आठ हवी होती, नऊ झाली.

पण मधे पंधरा झाली होती, ते पुसलं जात नाही. परत उतरवल्याने धोका टळतो असं आम्ही मानतो. पुढचे सहा दिवस मी दोन्ही राउंडला आजींना जीभ बाहेर काढायला लावली, घोटभर पाणी प्यायला लावलं, हात घट्ट दाबायला लावला. चौथ्या दिवशी सून दबक्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर, आत्यांचं बोलणं जड येतंय." माझ्या पोटात गोळा आला. "ळ" आणि "स" खरंच घसरत होते. मुलगा म्हणाला, "कवळी नाही ना तोंडात. कवळी काढली की आई अशीच बोलते." कवळी कुठाय? झटका आला तेव्हा सिस्टरने काढली होती. कपाटात नाही, कॅज्युअल्टीत नाही, सापडली नाही.

एमआरआयसाठी सोलापूरला न्या म्हणालो. तो लवकर केला तर नॉर्मल येऊ शकतो, हेही सांगितलं, आणि ते सांगितल्यावर कोण नेणार? मुलाने हात जोडले, "चालतीय, जेवतीय, बास." नवव्या दिवशी सोडियम 134 होतं, घरी सोडलं. एचवाली गोळी बंद, आणि ती पुन्हा कधी द्यायची नाही हे फाइलवर लाल शाईने लिहिलं.

आता वॉर्डात एक नवा कागद आहे : लघवी तासाला शंभरच्या वर गेली की फोन करायचा, झोपमोड झाली तरी. मावशींना मी साडी द्यायला गेलो तर त्या म्हणाल्या, "पिशवी जड लागली म्हणून इचारलं, त्यात काय." चारच्या रकान्यातली ती मोकळी जागा मात्र मी फाइल काढून दोनदा बघून आलो. चारला आकडा काय असता? 118 असता तर बरं झालं असतं की काहीच फरक पडला नसता?

महिन्याने आजी आल्या, नवी कवळी घालून. सुनेला विचारलं, बोलणं पहिल्यासारखं झालं का? "थोडं जडच वाटतंय." मुलगा म्हणाला, "छे, पहिल्यासारखंच आहे." मी आजींनाच विचारलं.

"कवळी बसंना नीट," त्या म्हणाल्या.